दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरावा लागतोय? मग दुखणं वेगळं आहे

मार्च उलटला की आमच्याकडे गाड्यांची रांग लागते, आणि बहुतेकांचं निदान घरूनच ठरलेलं असतं. ‘भाऊ, एसी गार करत नाहीये, जरा गॅस टाकून द्या.’ गेल्या वर्षी टाकला होता, त्याच्या आदल्या वर्षीही टाकला होता. पेट्रोल संपतं तसा गॅसही संपत असणार, असा सरळ हिशोब.

तो हिशोब चुकीचा आहे. एसीतला गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून त्याचा द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरताना दाब एकदम उतरतो, तिथे तो उकळतो, केबिनमधली उष्णता ओढून घेतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. तोच गॅस, वर्षानुवर्षं. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाकाठी थोडे ग्रॅम झिरपतात, पण ते धरूनही धडधाकट गाडी चार-पाच वर्षं सहज काढते. दर वर्षी गॅस लागत असेल तर दोनच शक्यता. एकतर गळती आहे आणि ती कुणी शोधलेली नाही. नाहीतर गॅस कमी नव्हताच.

‘पण टाकल्यावर गार झालं ना!’ झालं असेल. गॅस भरण्याआधी मिस्त्री बहुधा कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारतो, फिल्टर काढून झटकतो, आणि गाडी मिळते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. गार त्याने होतं, श्रेय गॅसला जातं.

एसी दगा देतो तो नक्की कधी?

गॅरेजला जायच्या आधी दोन-तीन दिवस एवढंच बघा. सिग्नलवर गरम होतो? हायवेवर तासाभराने? सकाळी ठीक, दुपारी नाही? की सदासर्वकाळ कोमट? अर्धं निदान या उत्तरातच असतं, आणि गॅरेजमध्ये दाब मोजायचं गेज लावल्यावर ते दिसत नाही, कारण गाडी तिथे उभी असते आणि एसी नेमका शहाण्यासारखा वागतो.

जमलं तर स्वयंपाकघरात वापरतात तो काडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मधल्या व्हेंटमध्ये खोचा, काचा बंद, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवायचं बटण) चालू, ब्लोअर मध्यम, इंजिन पंधराशे आरपीएमच्या आसपास, आणि दहा मिनिटं थांबा. बाहेर ३५ अंश असताना व्हेंटमधून ८ ते १२ अंशांची हवा येत असेल तर यंत्रणा ठीक आहे. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा तीच गाडी १४-१५ वर अडली तर लगेच खिसा उघडू नका. कंडेन्सरला उष्णता बाहेरच्या हवेतच टाकायची असते, आणि हवा जितकी तापलेली तितकं ते अवघड. मुंबई-कोकणात पारा कमी असला तरी हवेत बाष्प फार. कॉइलची बरीच ताकद त्या बाष्पाचं पाणी करण्यातच जाते. म्हणून दमट मुंबईतल्या भावाच्या गाडीचा आकडा आणि कोरड्या विदर्भातल्या तुमच्या गाडीचा आकडा शेजारी ठेवून भांडू नये.

उन्हात तासन् तास उभी असलेली गाडी हा वेगळा विषय. आत डॅशबोर्ड आणि सीट इतके तापलेले असतात की कुठलाही एसी पहिली पाच-सात मिनिटं हरतोच. आधी काचा खाली करून भपकारा बाहेर जाऊ द्या, मग काचा वर आणि रिसर्क्युलेशन चालू. हे बटण बंद ठेवून ‘एसी कमजोर आहे’ म्हणणारे आठवड्याला एक-दोन तरी येतातच. त्यांचे पैसे घेववत नाहीत.

चालताना गार, सिग्नलवर गरम

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार, आणि सर्वांत जास्त वेळा विनाकारण गॅस भरला जातो तोही याच तक्रारीवर. गाडी पळताना कंडेन्सरला वारा फुकट मिळतो. उभी राहिली की तो वारा पंख्याने ओढायचा असतो. म्हणजे आधी पंखा बघायचा.

इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा काही सेकंदांत सुरू होतो. काहींत दाब थोडा वाढल्यावर. दोन पंखे असतील तर दोन्ही बघा. पंखा फिरतोच आहे पण मंद, तर मोटरचे ब्रश झिजलेले असतात. काही गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात आणि कमी वेगाचा रेझिस्टर जळला की पंखा थेट इंजिन तापल्यावरच जोरात फिरतो. तोवर एसी कोमट. आणखी एक गंमत: मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो. आवाज तोच, वेग तोच, पण हवा आत ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. बॉनेट बंद करून वहीचा एक कागद पुढच्या जाळीला लावा. चिकटून राहिला तर पंखा बरोबर. फडफडत बाहेर आला तर वायरमनला गाठा.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सरकडे बघा. आमच्याकडे जिनिंगच्या हंगामात रस्त्यावर उडणारे कापसाचे तंतू कंडेन्सरच्या पत्र्यांत असे रुततात की बाहेरून नुसती करडी चादर दिसते. पश्चिम महाराष्ट्रात उसाचं पाचट आणि चिखल तेच काम करतो, रात्रीच्या हायवेवर किडे. खरी मेख कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत असते. बाहेरचा कंडेन्सर चकाचक आणि मागे धुळीची गादी, असं कितीदा तरी निघतं. साध्या पाइपचं पाणी, शक्य तर आतून बाहेरच्या दिशेने, आणि धीर. प्रेशर वॉशर जवळून मारला की पत्र्याच्या पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बुजते. पुढे हौसेने लावलेली जादा जाळी, मोठे लाइट, पाटीएवढी नंबरप्लेट, हेही वारा अडवतात.

खात्री करायची सोपी युक्ती: गाडी उभी, एसी चालू, व्हेंटमध्ये थर्मामीटर. पुढच्या जाळीतून फक्त कंडेन्सरवर हळूहळू बादलीभर पाणी सोडा. आकडा झपाझप खाली आला तर दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे, म्हणजे पंखा किंवा मळ. अशा गाडीत आणखी गॅस भरला तर दाब अजून चढतो, एसी अजून गरम होतो आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं.

तासभर झकास, मग हवाच येईना

पुण्याहून कोल्हापूरला निघालात, साताऱ्यापर्यंत कडक गारवा, आणि मग ब्लोअर चारवर ठेवूनही व्हेंटमधून फुंकर. आवाज मात्र जोराचा. गाडी चहाला थांबवली, पंधरा मिनिटांनी पुन्हा लावला तर सगळं पूर्ववत, आणि गाडीखाली नेहमीपेक्षा मोठं थारोळं.

कॉइलवर बर्फ जमला होता, तो वितळला. कॉइलला चिकटून एक छोटा सेन्सर असतो. तापमान शून्याजवळ आलं की त्याने कॉम्प्रेसर थांबवायचा. तो बिघडला किंवा जागेवरून सरकला की कॉम्प्रेसर थांबत नाही, बाष्प कॉइलवर गोठत जातं आणि हवेची वाट बंद होते. तुंबलेला केबिन फिल्टर आणि थोडा कमी झालेला गॅस यांनीही असं होतं. पावसाळ्यात जास्त, कारण हवेत पाणी जास्त. रस्त्यात असं झालं तर एसीचं बटण बंद करून ब्लोअर तसाच जोरात चालू ठेवा. बर्फ सुटेल.

पाइपला हात लावून बघा

इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून एसीचे दोन पाइप आत जातात, एक जाड, एक बारीक. एसी दहा मिनिटं चालल्यावर, बेल्ट आणि पंख्यापासून हात, ओढणी, बाही लांब ठेवून ते चाचपा. जाड पाइप थंडगार आणि घामेजलेला, बारीक गरम: यंत्रणा काम करते आहे. दोघांत फरकच नाही: कॉम्प्रेसर दाब देत नाही किंवा गॅस फारच कमी आहे.

आणि जाड पाइप बर्फासारखा थंड असूनही आत कोमट हवा येत असेल तर गॅसचा विषय तिथेच संपतो. गारवा तयार होतोय, पण वाटेत त्यात हिटरची गरम हवा मिसळते आहे. डॅशबोर्डच्या आत एक फ्लॅप असतो, तो गार-गरम हवेचं प्रमाण ठरवतो. जुन्या गाडीत तो केबलने हलतो आणि केबल क्लिपमधून निसटते. नव्या गाडीत छोटी मोटर असते आणि तिचे प्लॅस्टिकचे दाते तुटतात. गाडी चालू करताना डॅशबोर्डमधून ‘टक टक टक टक’ असा आवाज येऊन थांबत असेल तर तीच मोटर. काही गाड्यांत हिटरकडे जाणाऱ्या गरम पाण्यावर वेगळा व्हॉल्व्ह असतो. आपल्याकडे हिटर कुणी लावत नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षं न हलता अर्धवट उघडा गंजून बसतो. अशा गाडीत गॅसचे कितीही डबे रिकामे करा, फरक पडणार नाही.

सकाळी लागतो, दुपारी लागत नाही

कॉम्प्रेसरची पुली बेल्टबरोबर कायम फिरते. तिच्या पुढची चकती मात्र क्लच, म्हणजे चकतीला पुलीकडे ओढणारा विजेचा चुंबक, लागला तरच फिरते, आणि लागताना स्पष्ट ‘टक’ आवाज येतो, इंजिनचा सूर किंचित बसतो. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, त्यांना हे लागू नाही.

चकती आणि पुलीमधली फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. झिजून ती वाढली की सकाळी क्लच लागतो. दुपारी क्लचमधली तारेची कॉइल तापून तिचा विजेचा विरोध वाढतो, चुंबक कमजोर पडतो आणि चकती ओढली जात नाही. गाडी सावलीत गार झाली की पुन्हा सुरळीत. मधली शिम, म्हणजे पातळ कडी, काढून फट कमी करणं हे अर्ध्या तासाचं काम, पण यावर आख्खा कॉम्प्रेसर विकला गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. क्लच मुळीच लागत नसेल तर फ्यूज आणि रिले (क्लचला वीज देणारा स्विच) आधी बघा. त्याच डब्यात हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर क्षणभर अदलाबदल करून बघा.

क्लच दर काही सेकंदांनी लागतो-सुटतो-लागतो असा चाळा करत असेल, तर तिथे मात्र गॅस कमी असल्याचा संशय रास्त आहे. दाब एका मर्यादेखाली, बहुतेक गाड्यांत दोन बारच्या आसपास, उतरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर वाचवायला क्लच सोडतो. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर क्षणभर एसी सुटतो तो बिघाड नव्हे. लहान इंजिनाला ताकद मिळावी म्हणून गाडीचा कॉम्प्युटरच तो सोडतो.

गळती खरंच असेल तर ती सापडते

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही सगळीकडे फिरतं. जिथून गॅस जातो तिथून तेलाचा अंशही बाहेर पडतो आणि त्यावर धूळ बसते. म्हणून आधी डोळे वापरा: पाइपच्या जोडांवर, कंडेन्सरच्या कोपऱ्यात, कॉम्प्रेसरच्या पोटावर ओलसर काळा चट्टा. बाकी सगळं कोरड्या धुळीचं आणि तेवढाच भाग चिकट, तर बोट तिथेच ठेवा. दगड लागून कंडेन्सर फुटणं, जोडातली रबरी ओ-रिंग कडक होणं, शाफ्ट सील सुकणं ही नेहमीची ठिकाणं. शाफ्ट सील ओलं राहतं ते याच तेलाने, म्हणून थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावावा. चार महिने बंद ठेवून मार्चमध्ये लावणारे सील सुकवून ठेवतात.

एक जागा जवळजवळ कुणीच बघत नाही: गॅस भरायच्या तोटीतली पिन. टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशीच ती, काही रुपयांची. दर वर्षी गेज लावून-काढून तिचं रबर कापलं जातं, वर टोपणही हरवलेलं असतं. टोपण काढून तोटीत साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. इंजिन बंद असताना मिनिटभरात थेंबावर बुडबुडा फुगला तर दर वर्षीच्या गॅसचा हिशोब लागला.

बाकी जोडांनाही साबणाचं पाणी चालतं, पण वर्षभरात हळूहळू जाणारी गळती त्याने दिसेलच असं नाही. त्यासाठी कोरडा नायट्रोजन भरून दाब धरतो का ते पाहतात, किंवा तेलात चमकणारा रंग सोडून काही दिवसांनी निळ्या-जांभळ्या दिव्याखाली बघतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्याने दिसत नाही. पण रंग सोडला असेल तर गाडीखाली ठिबकणाऱ्या पाण्यात तो उतरतो. दाब द्यायला टायरची हवा वापरणाऱ्या गॅरेजमधून गाडी काढून घ्या. त्या हवेत पाणी असतं आणि पाणी हा एसीचा वैरी.

कॉइलच गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि मजुरी कॉइलच्या किमतीला भारी पडते. अशा वेळी डब्यातून मिळणारं ‘लीक सीलर’ टाकायचा मोह होतो. टाकू नका. ते एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात जाऊन बसतं आणि पुढे गॅस काढायचं मशीनही खराब करतं. ॲल्युमिनियमच्या पातळ कॉइलला जोड देऊन देणारेही आहेत. कंडेन्सरवर तो जोड कधीकधी टिकतो. आतल्या कॉइलवर मी तो कुणाला सुचवणार नाही, कारण तो फुटला की पुन्हा तोच डॅशबोर्ड उतरवायचा.

कॉम्प्रेसर जाम होऊन आतून फुटला असेल तर आणखी एक सावधगिरी. धातूचा चुरा सगळीकडे पसरलेला असतो. ड्रायर, म्हणजे गॅसमधलं पाणी शोषणारा भाग, बदलावाच लागतो, आणि आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की धुऊन चुरा पूर्ण निघत नाही; तोही बदलावा. पैसे वाचवायला नुसता कॉम्प्रेसर बदलला की काही महिन्यांत दुसरा कॉम्प्रेसर.

भरायचाच तर वजन करून

बॉनेटच्या आत किंवा पुढच्या पट्टीवर एक स्टिकर असतो. गॅस कोणता आणि किती ग्रॅम, हे त्यावर छापलेलं असतं. लहान हॅचबॅकमध्ये साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, मागे दुसरी कॉइल असलेल्या मोठ्या गाडीत त्याच्या दुपटीपर्यंतही. इतक्या छोट्या मापात शंभर ग्रॅमची चूक मोठी असते. म्हणून ‘टॉपअप’ हा प्रकारच मला मान्य नाही: आत किती आहे हे माहीत नसताना वरून किती टाकायचा हे कसं ठरवणार? असलेला गॅस मशीनने काढायचा, किती निघाला ते वजन बघायचं, गळती बंद करायची, निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढायचा आणि मग काट्यावर मोजून भरायचा. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जातं. ते राहिलं तर एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि तेलाशी मिळून आम्ल बनतं.

गेजवर फार विश्वास ठेवणाऱ्यांसाठी: एसी बंद असताना ३० अंशांना आर-१३४ए चा (आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असतो तो गॅस) दाब दोन्ही बाजूंना ९५ ते १०० पीएसआय येतो, ४० अंशांना १३० च्या पुढे. पण आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी तो तेवढाच दिसतो. म्हणजे बंद गाडीचा गेज ‘गॅस आहे’ एवढंच सांगतो, ‘किती आहे’ ते नाही. उलट दाब यापेक्षा बराच जास्त दिसला तर आत हवा मिसळली आहे किंवा गॅस भलताच आहे. चालू एसीत कमी दाबाची बाजू २५ ते ४५ आणि जास्त दाबाची १५० ते २५० पीएसआय, उन्हाप्रमाणे वर-खाली. दोन्ही खाली: गॅस कमी. दोन्ही वर: पंखा, मळलेला कंडेन्सर, जास्त गॅस किंवा हवा. कमी बाजू चढलेली आणि जास्त बाजू उतरलेली: कॉम्प्रेसर थकला. कमी बाजू शून्याखाली: व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला.

संशय येईल इतका स्वस्त डबा दिसला तर नाही म्हणा. आर-१३४ए च्या नावाखाली ज्वलनशील मिश्रणं खपवली जातात, आणि कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यांपुढे असते. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए बंद होऊन बहुतेकांत आर-१२३४वायएफ आलाय. तिकडच्या मराठी मंडळींनी सुट्टीवरून परत जाताना इथून डबे नेऊ नयेत, तोटीच वेगळी असते. तसंच जुना गॅस हवेत सोडून देणारं गॅरेज टाळा. आर-१३४ए हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट जोरकस आहे, आणि तो हळूहळू कमी करायच्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे.

बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: किती ग्रॅम निघाला, किती भरला, गळती कुठे होती. पहिला आकडा स्टिकरच्या जवळपास असेल तर गॅस कमी नव्हताच, आणि पुढच्या वर्षी हे बिल दाखवता येईल.

हवा कमी, वास, पायाखाली पाणी

ब्लोअर एक-दोन-तीनवर गप्प आणि चारवर जोरात: ब्लोअरचा रेझिस्टर गेला. स्वस्त भाग, बहुधा डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सखाली. सगळ्याच वेगांवर हवा मंद असेल तर केबिन फिल्टर काढा. ग्लोव्ह बॉक्स उतरवला की सापडतो. दहा हजार किलोमीटरला बदलावा, कच्च्या रस्त्यावर आधी. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये फिल्टरच नसतो, सगळी धूळ थेट ओल्या कॉइलवर. फिल्टर उघडल्यावर कापूस, शेंगांची टरफलं आणि वायरीचे तुकडे निघाले तर पाहुणा कोण ते सांगायला नको. त्यावर तंबाखूच्या पुड्या बांधणारे बरेच आहेत. उंदरांना त्याची सवय होते असं माझं निरीक्षण.

सुरू करताच येणारा कुबट वास ओल्या कॉइलवरच्या बुरशीचा. परफ्यूम लावून तो जात नाही, फक्त दोन वास होतात. घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून ब्लोअर बाहेरच्या हवेवर चालू ठेवा, कॉइल सुकते. जुना वास असेल तर कॉइल धुवावी लागते.

डाव्या बाजूच्या सीटपुढचं पायाखालचं मॅट ओलं होत असेल तर कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली. बोट बुडवून बघा. साधं पाणी असेल तर नळी साफ केली की झालं. चिकट, हिरवट किंवा गुलाबी आणि गोडूस वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, आहे, हिटर कॉइल गळते आहे. ते विषारी असतं. मूल किंवा कुत्रं त्या मॅटजवळ जाऊ देऊ नका.

पावसातली काच

आतून वाफ धरली तर एसी चालू, हवा काचेवर आणि बाहेरची हवा घ्या. रिसर्क्युलेशनवर ठेवून लोक आपल्याच श्वासाचं पाणी काचेवर फिरवत बसतात. आंबोली-खंडाळ्यात कधी बाहेरून वाफ धरते. ती वायपर मारल्यावर जाते, तीच ओळख. तिथे काच जास्त थंड झाली आहे, म्हणून हवा काचेवरून काढून तापमान वाढवा.

हिटर

डिसेंबरात निफाडच्या थंडीत किंवा महाबळेश्वरला गेल्यावरच आपल्याला हिटर आठवतो. तो गरम होत नसेल तर तापमानाचा काटा बघा. वीस मिनिटांनीही काटा खालीच असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी काढूनच टाकलाय. ‘साहेब, आपल्या हवेत याची गरज नाही’ म्हणून थर्मोस्टॅट फेकून देणारे मिस्त्री अजून आहेत. इंजिन मग कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि हिटर कोमट राहतो.

काटा बरोबर असेल तर हिटरकडे जाणारे दोन होज चाचपा. दोन्ही गरम आणि हवा थंड: फ्लॅप. एक गरम, एक थंड: हिटर कॉइल तुंबली, बहुधा कूलंटऐवजी नळाचं पाणी घातल्याने गंज साचून. दोन्ही थंड: व्हॉल्व्ह बंद, कूलंट कमी किंवा आत हवा अडकली. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही, कितीही घाई असो. आणि घाटात इंजिन तापू लागलं तर एसी बंद करून हिटर पूर्ण लावा. घामाघूम व्हाल, पण तेवढी उष्णता इंजिनातून निघते आणि सावलीची जागा गाठता येते.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

वरचं फिल्टर, कंडेन्सर, पंखा, वास, वाफ हे सगळं लागू. कॉम्प्रेसर मात्र बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. त्यात तेलही वेगळं असतं. साध्या गाडीचं तेल चुकून गेलं तर विजेचं इन्सुलेशन बिघडतं आणि गाडीच चालू होईनाशी होते, म्हणून एकच गेज-पाइप सगळ्या गाड्यांना लावणाऱ्या गॅरेजकडे ती नेऊ नका. बऱ्याच गाड्यांत बॅटरी गार ठेवायलाही हाच एसी लागतो. त्यामुळे एसी कोमट झाल्यापासून फास्ट चार्जिंग रेंगाळत असेल, तर सर्व्हिस सेंटरला दोन्ही तक्रारी एकाच वेळी सांगा.